शेकाट्याचे पाय

एकतीस वर्षं मी पाइप काढले.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या, आता पत्रे उडालेल्या कंपनीत,
तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात
टी-स्क्वेअर सरकवत.
माझी रेघ कधी थरथरली नाही.
दोन पाइप जिथे एकमेकांना आडवे येत
तिथे एकाने अर्धवर्तुळ घेऊन दुसऱ्यावरून पलीकडे जायचं,
कागदावरची ही रीत.
आयुष्यात मी काढलेली तेवढीच एक उडी.

मग शाल, नारळ,
आणि एक घड्याळ, ज्यात बघावं असं काही उरलं नव्हतं.

ऐरोलीच्या खाडीकडे, बांधावर,
पहाटे जाऊ लागलो ते साखरेमुळे.
डॉक्टर म्हणाले होते, चाला.
बघा, असं नव्हते म्हणाले.

आठवडाभर नुसता चाललो.
बत्तीसशे पावलं, वळायचं, परत बत्तीसशे.
आठव्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला
म्हणून थांबलो,
आणि ओहोटीच्या चिखलात दिसल्या
दोन लाल रेघा.
सरळ. समांतर.
आमच्याच ऑफिसातल्या कुणी मारल्यासारख्या.
आणि त्यांच्यावर, बरंच वर,
मागाहून सुचल्यासारखा
एक काळा-पांढरा पक्षी.

पिना लावून चप्पल घरी आणली.
तोपर्यंत ऊन चढलं होतं आणि मी पावलं मोजायची विसरलो होतो.

हेमलता कधीची म्हणत होती,
माळ्यावरचे ते ट्रेसिंगचे गुंडाळे रद्दीत तरी द्या.
त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या.

पाय पहिल्या झटक्यात जमले.
पट्टी लावली, खोटं का सांगू.
पण पोट?
फ्रेंच कर्व्हच्या एकाही काठावर
पाखराचं पोट बसत नाही.
खोडलं. काढलं. बदक झालं.
पुन्हा काढलं. किटली.
हेमलता चष्मा कपाळावर सारून म्हणाली,
चोच मात्र छान आलीये.
ती शेपटी होती.

दिवा गावचा हिराजी मढवी
निवट्या धरायला रोज मांडीपर्यंत चिखलात.
बांधावर माझा कागद बघून म्हणाला,
"ह्यो उभा केलास तू. खांबासारका.
ह्यो कदी उभा ऱ्हातो का?
उद्या अष्टमी, भांग हाय. पानी दमानं येल,
पाखरू दमानं खाईल. तवा ये.
नि पट्टी घरी ठेव."

ठेवली.
अष्टमीला दोन तास बसलो, पाठीमागे
मुलुंडच्या पुलावर दिवे विझत गेले.
एक वंचक मातीतून माती उठावी तसा उडाला
आणि उडताना पांढरा झाला.
धोबी शेपूट आपटत माझ्या डब्यापर्यंत आला, गेला.
तुतारीनं पाण्याच्या काठाला घाईघाईनं टाके घातले.
आणि शेकाट्या चालला.

सरळ कुठले ते पाय!
मधूनच मोडतात, आणि मोडतात तेही मागे,
जणू एकेक पाऊल परत घेतोय,
विचार करतोय, मग टाकतोय.
पाण्यात खालून दुसरा शेकाट्या
त्याच्या तळव्याला तळवा लावून चाललेला.
मी कागदाकडे न बघता काढत राहिलो.
रेघ थरथरली.
थरथरू दिली.

घरी खिडकीशी कागद धरला
तेव्हा पाठीमागून जुनं सगळं उमटून आलं:
वाफेची लाइन, थंड पाण्याची लाइन, झडपा,
कोपऱ्यात एकोणीसशे ब्याण्णव आणि माझी सही.
त्या सगळ्यातून माझा शेकाट्या चालला होता,
पोट अजून जरा किटलीच.

एका ठिकाणी त्याचा पाय
चार इंची पाइपला आडवा जात होता.
सवयीनं हात गेला.
तिथे मी एक अर्धवर्तुळ काढलं,
छोटं,
पायाला.